बॅटरीच्या रसायनशास्त्रात पीएच.डी. करायची असेल तर

एक बॅटरी-घट पूर्ण भरायला तीन तास आणि रिकामा व्हायला तीन तास लागतात, असे धरून चालू. म्हणजे एका फेरीला सहा तास झाले. हा घट हजार फेऱ्या टिकतो की नाही हे प्रत्यक्ष पाहायचे असेल, तर तो सहा हजार तास, म्हणजे २५० दिवस, चाचणी-यंत्राला जोडून ठेवावा लागतो. मध्ये वीज जाऊन चालत नाही, खोलीचे तापमान बदलून चालत नाही आणि यंत्र बिघडूनही चालत नाही. तीन वर्षांच्या संशोधनकाळात साधारण १,०९५ दिवस असतात. त्यांतले पहिले काही महिने वाचनात आणि हात बसण्यात जातात, शेवटचे काही प्रबंध लिहिण्यात. उरलेल्या काळात असा पूर्ण लांबीचा प्रयोग एकापाठोपाठ फार तर दोनदा करता येतो: पहिल्यात चूक कळते आणि दुसऱ्यात ती सुधारता येते. बॅटरीच्या रसायनशास्त्रात डॉक्टरेटच्या संधी आज भरपूर आहेत. पण त्यांतली कोणती घ्यावी हे ठरवताना पदार्थ किती नवा आहे किंवा त्याचे नाव किती गाजते आहे यापेक्षा, हातातल्या दिवसांत सुटेल असा प्रश्न तिथे आहे का, हे आधी पाहावे, असे मला वाटते.

प्रश्न कुठे दडलेले असतात हे समजण्यासाठी घटाच्या आत काय चालते ते थोडक्यात पाहू. लिथियम-आयन घटात दोन इलेक्ट्रोड असतात आणि त्यांच्यामध्ये इलेक्ट्रोलाइट असतो. घट वीज देऊ लागला की एका बाजूतून लिथियमचे आयन निघतात आणि इलेक्ट्रोलाइटमधून दुसऱ्या बाजूला जातात. त्यांच्याच बरोबरीचे इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेतून फिरून येतात आणि वाटेत आपले काम करून देतात. चार्ज करताना हीच वाहतूक उलटी होते. इथे एक खुलासा करायला हवा. शालेय पुस्तकांत ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हटलेले असते. विद्युत अपघटनाच्या प्रयोगासाठी ते बरोबर आहे, पण वीज देत असलेल्या घटात ॲनोड ही ऋण बाजू असते. या शब्दांनी नवख्यांचा बराच गोंधळ होतो, म्हणून या लेखात ऋण बाजू आणि धन बाजू एवढेच म्हटले आहे. बहुतेक घटांत ऋण बाजूला ग्राफाइट असते आणि धन बाजूला कोबाल्ट, निकेल, मँगेनीज किंवा लोह असलेले लिथियमचे संयुग असते.

ही रचना एका माणसाने एका दिवसात शोधलेली नाही. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात एक्झॉन या तेल कंपनीत काम करत असताना टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमची ये-जा घडवून दाखवली. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणले. १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी धातुरूप लिथियम काढून त्याजागी कार्बन वापरला आणि घट सुरक्षित केला. १९९१ मध्ये सोनीने तो बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

डॉक्टरेटच्या उमेदवाराने मात्र याच घराण्यातल्या आणखी एका पदार्थाची हकिकत लक्षात ठेवावी. १९९७ मध्ये गुडइनफ यांच्याच गटाने लिथियम आयर्न फॉस्फेटवर शोधनिबंध लिहिला. तो पदार्थ स्वस्त होता, विषारी नव्हता, पण त्यातून वीज फार संथ वाहत असे. त्यामुळे कमी शक्तीच्या बॅटऱ्यांसाठी तो उत्तम ठरेल, असेच त्या निबंधात म्हटले होते. पुढे इतर संशोधकांनी त्याचे कण अतिसूक्ष्म केले, त्यांवर कार्बनचा पातळ लेप चढवला, आणि आज हाच पदार्थ मोटारींत आणि वीजजाळ्याला जोडलेल्या मोठ्या साठवण-केंद्रांत वापरला जातो. मूळ पदार्थ शोधणे ही एक गोष्ट झाली. त्याची नेमकी अडचण ओळखून तेवढीच दूर करणे ही दुसरी. डॉक्टरेटच्या काळात बसेल असे काम बहुधा दुसऱ्या जातीचे असते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

बॅटरीच्या आयुष्याचे बहुतेक रहस्य दोन पदार्थांच्या सीमेवर असते. ग्राफाइटच्या बाजूला विद्युत विभव इतके खाली जाते की नेहमीचा द्रव इलेक्ट्रोलाइट तिथे टिकूच शकत नाही; त्याचे विघटन होऊन ग्राफाइटवर काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीचा एक पापुद्रा तयार होतो. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये या पापुद्र्याची कल्पना मांडली. तो लिथियमच्या आयनांना वाट देतो आणि इलेक्ट्रॉनांना अडवतो, त्यामुळे पुढचे विघटन थांबते. हा पापुद्रा नसता तर आजची बॅटरी शक्यच नव्हती. आणि तो हळूहळू वाढत राहतो म्हणूनच बॅटरी म्हातारी होते, कारण त्याच्या प्रत्येक नव्या थरात थोडे लिथियम कायमचे अडकून पडते.

हा पापुद्रा किती नाजूक गोष्टींवर अवलंबून असतो याचे एक उदाहरण देतो. प्रॉपिलीन कार्बोनेट आणि एथिलीन कार्बोनेट या दोन द्रावकांच्या रेणूंत फक्त एका मिथिल गटाचा फरक आहे. पहिला द्रावक वापरला तर तो लिथियमसोबत ग्राफाइटच्या थरांत घुसतो आणि थर अक्षरशः सुटे होऊन जातात. दुसऱ्यामुळे मजबूत पापुद्रा बनतो. कॅनडातील जेफ डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एथिलीन कार्बोनेटचा हा गुण दाखवून दिला. गंमत अशी की शुद्ध एथिलीन कार्बोनेट साधारण ३६ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे नेहमीच्या तापमानाला ते घन असते. म्हणून त्यात दुसरी पातळ द्रावके मिसळावी लागतात. अशा मिश्रणांत एक-दोन टक्के पूरक द्रव्य घातले तरी घटाचे आयुष्य बदलते. ते का बदलते, हे कित्येक पूरक द्रव्यांच्या बाबतीत आजही पुरते उलगडलेले नाही.

आता थोडा हिशेब करू. एका फेरीत घटात भरलेल्या विजेपैकी ९९.९ टक्के परत मिळते, असे ऐकले की आकडा भारदस्त वाटतो. पण दर फेरीला उपयोगी लिथियमचा हजारावा भाग खर्च होत असेल, तर हजार फेऱ्यांनंतर मुळातल्या साठ्यापैकी ३७ टक्केच उरतो. हजार फेऱ्यांनंतर ८२ टक्के उरायला हवे असतील, तर हा आकडा ९९.९८ असावा लागतो. दशांशानंतरच्या दुसऱ्या आकड्यावर घटाचे आयुष्य ठरते, आणि तो आकडा विश्वासाने मोजणे ही स्वतंत्र विद्या आहे. डान यांच्या हॅलिफॅक्स येथील प्रयोगशाळेची ओळख अशाच अतिशय काटेकोर मापनामुळे झाली.

याच हिशेबात नवख्याची एक मोठी फसगत होते. नवा पदार्थ तपासताना त्याच्यासमोर लिथियम धातूचा पत्रा ठेवून अर्धा घट बनवतात. या पत्र्यात लिथियम गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. पापुद्र्यात जे अडकते त्याची भरपाई तो गुपचूप करत राहतो आणि आलेख शेकडो फेऱ्या सरळ दिसतो. तोच पदार्थ मोजून-मापून लिथियम असलेल्या पूर्ण घटात घातला की पन्नास फेऱ्यांत कोसळू शकतो. अर्धा घट निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, पदार्थाचा मूळ स्वभाव पाहण्यासाठी तो लागतोच. पण ज्या प्रयोगशाळेचे सगळे निष्कर्ष अर्ध्या घटांवरच थांबतात, तिथे जाण्याआधी दोनदा विचार करावा.

संशोधनाची क्षेत्रे म्हणाल तर सर्वांत जास्त गाजावाजा घन इलेक्ट्रोलाइटचा आहे, आणि तो अगदीच अनाठायी नाही. ज्वलनशील द्रवाच्या जागी घन पदार्थ आला तर ग्राफाइट काढून धातुरूप लिथियम वापरण्याची आशा धरता येते. ग्राफाइट दर ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास साठवते, तर लिथियम धातू ३,८६०. पूर्वी अडचण अशी होती की घन पदार्थांतून आयन फार हळू सरकत. २०११ मध्ये जपानमधील र्‍योजी कान्नो यांच्या गटाने लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांचे असे संयुग जाहीर केले, की ज्याची आयन-वाहकता नेहमीच्या तापमानाला द्रव इलेक्ट्रोलाइटच्या बरोबरीची होती. तेव्हापासून वाहकतेचा प्रश्न मागे पडला आणि सीमेचा प्रश्न पुढे आला. द्रव कोणत्याही खाचेत शिरतो. घन शिरत नाही. फेरीगणिक कण फुगतात, आकसतात, एकमेकांपासून सुटतात, आणि सुटलेल्या जागी वाहतूक बंद पडते. चार्ज करताना लिथियम धातूवर सुयांसारखे फुटवे वाढतात; कडक सिरॅमिक त्यांना अडवेल असे वाटले होते, पण बारीक भेगांमधून आणि कणांच्या सांध्यांमधून लिथियम वाट काढते. गंधकयुक्त घन पदार्थांना दमट हवा लागली की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. या क्षेत्रातला शोधनिबंध वाचताना घटावर बाहेरून किती दाब दिला होता हे आधी शोधावे. कारण प्रयोगशाळेतल्या शिकंज्यात दाबलेला घट चांगला चालला, म्हणून तो मोटारीतही तसाच चालेल असे होत नाही.

सोडियमकडे मी अधिक आशेने पाहतो. सोडियम मुबलक आहे, पण त्याचा आयन लिथियमपेक्षा मोठा आहे, अणू तिपटीहून जड आहे आणि त्याच्यापासून मिळणारा विद्युतदाबही साधारण ०.३ व्होल्टने कमी पडतो. ग्राफाइटच्या थरांत तो नीट बसत नाही, म्हणून तिथे कठीण कार्बन नावाचा अव्यवस्थित रचनेचा कार्बन वापरतात; त्यात सोडियम चांगल्या प्रमाणात साठतो हे स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० मध्ये दाखवले. हा सोडियम कार्बनच्या आत नेमका कुठे बसतो, आधी पृष्ठभागाला चिकटतो की थरांत शिरतो की सूक्ष्म छिद्रांत साठतो, यावर अजूनही वाद चालू आहे. पदार्थ हाताशी आहे, मोजमापाची साधने उपलब्ध आहेत, आणि मूलभूत प्रश्न उघडा आहे: डॉक्टरेटसाठी याहून बरी जुळणी कोणती असणार? शिवाय सोडियमचा ॲल्युमिनियमशी मिश्रधातू होत नसल्यामुळे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचाच पत्रा चालतो आणि तांब्याचा खर्च वाचतो.

बाकीच्या क्षेत्रांना थोडक्यात स्पर्श करतो. सिलिकॉनमध्ये ग्राफाइटच्या सुमारे दहापट लिथियम मावते, पण तो भरला की त्याचे आकारमान साधारण तिप्पट-चौपट होते, त्यामुळे कण फुटतात आणि पापुद्रा दर फेरीला नव्याने बनत राहतो. गंधकाचा सैद्धांतिक आकडा दर ग्रॅमला १,६७५ मिलिअँपिअर-तास म्हणजे फारच आकर्षक. मात्र त्याची मधली संयुगे द्रवात विरघळून इकडून तिकडे भटकतात, आणि या विषयावरच्या अनेक प्रयोगांत द्रव इतका भरपूर घातलेला असतो की घटाच्या एकूण वजनाचा हिशेब केल्यावर सगळा फायदा वाहून जातो. टाक्यांत द्रव साठवणाऱ्या प्रवाही बॅटऱ्या स्थिर साठवणीसाठी आहेत. त्यांतील व्हॅनेडियमवर चालणारा प्रकार १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात मारिया स्कायलास-काझाकोस यांनी विकसित केला, आणि आता महाग व्हॅनेडियमऐवजी सेंद्रिय रेणू वापरता येतील का याचा शोध चालू आहे. ज्यांना सेंद्रिय रसायनशास्त्र आवडते त्यांच्यासाठी ही मोकळी जागा आहे.

पुनर्वापराला अलीकडे कायद्यामुळे वजन आले आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमावलीनुसार मोटारींच्या आणि औद्योगिक बॅटऱ्यांमध्ये २०३१ पासून किमान १६ टक्के कोबाल्ट, ६ टक्के लिथियम आणि ६ टक्के निकेल पुनर्वापरातून आलेले असावे लागेल. जुने घट वितळवणे किंवा आम्लात विरघळवणे हे मार्ग माहीत आहेत. धन बाजूचा पदार्थ न मोडता, त्यातले हरवलेले लिथियम भरून त्याला पुन्हा कामाला लावणे हा तिसरा मार्ग कठीण आहे, आणि संशोधनाला वावही तिथेच आहे.

ज्यांचा ओढा गणिताकडे किंवा संगणकाकडे आहे त्यांच्यासाठीही या शास्त्रात दार बंद नाही. पदार्थांचे गुणधर्म क्वांटम यांत्रिकीच्या आधारे आधीच काढता येतात, आणि तशी गणिते खुली करून देणारा मटेरियल्स प्रोजेक्ट २०११ पासून उपलब्ध आहे. सुरुवातीला सांगितलेल्या २५० दिवसांच्या अडचणीवरही याच दिशेने एक उपाय निघाला. २०१९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी १२४ घटांची माहिती वापरून, पहिल्या शंभर फेऱ्यांतील आलेखांवरून घटाचे पूर्ण आयुष्य सुमारे ९ टक्के चुकीच्या मर्यादेत सांगून दाखवले; त्या घटांचे प्रत्यक्ष आयुष्य १५० पासून २,३०० फेऱ्यांपर्यंत पसरलेले होते. मात्र ते सगळे घट एकाच जातीच्या रसायनाचे होते. वेगळ्या रसायनाला ही पद्धत कितपत लागू पडते हे पुन्हा तपासावे लागते, आणि त्यासाठी कुणाला तरी घट बनवून वाट पाहावीच लागते.

प्रत्यक्ष दिनक्रम कसा असतो, हेही माहीत असावे. बरेचसे काम ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे रबरी हातमोजे जोडलेल्या हवाबंद पेटीत चालते. आत आर्गॉन वायू असतो आणि पाणी व ऑक्सिजन यांचे प्रमाण दहा लाखांत एका भागापेक्षाही कमी ठेवतात. स्वस्त नायट्रोजन का नाही, असा प्रश्न पडेल. तर लिथियम नेहमीच्या तापमानालाही नायट्रोजनशी संयोग पावते म्हणून. ओलावा टाळण्याचे आणखी एक कारण असे, की इलेक्ट्रोलाइटमधला नेहमीचा फ्लोरिनयुक्त क्षार पाण्याशी संयोग पावून अतिशय दाहक असे हायड्रोजन फ्लोराइड तयार करतो. या पेटीत जाड हातमोज्यांनी २० मिलिमीटर व्यासाचे नाण्याएवढे घट जुळवायचे असतात. सुरुवातीला दहा सारखे घट केले तर दहांचे दहा वेगवेगळे आलेख येतात. ते एकसारखे येऊ लागेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात, आणि हा काळ वाया गेला असे समजू नये; स्वतःच्या हाताची चूक किती आहे हे माहीत नसेल तर पदार्थातील सुधारणा ओळखताच येत नाही. मोठी मोजमापे आपल्या प्रयोगशाळेबाहेरच्या केंद्रांवर करावी लागतात. चालू घटाच्या आत क्ष-किरण सोडून स्फटिकरचना बदलताना पाहायची असेल तर फ्रान्समधील ग्रनोबलच्या किंवा शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेतल्या केंद्रासारख्या सिंक्रोट्रॉन (अतिशय प्रखर क्ष-किरण निर्माण करणाऱ्या) केंद्राकडे वेळेसाठी महिनोन्‌महिने आधी अर्ज करावा लागतो, आणि मिळालेले दोन-तीन दिवस रात्रंदिवस जागून वापरावे लागतात.

संधींचे स्वरूप देशागणिक वेगळे आहे. युरोपातील अनेक देशांत डॉक्टरेटचा विद्यार्थी हा पगारी कर्मचारी असतो आणि जागा नोकरीसारखी जाहीर होते: प्रकल्प ठरलेला, मार्गदर्शक ठरलेला, पैसा मंजूर झालेला. तिथे साधारणपणे पदव्युत्तर पदवी अपेक्षित असते आणि मुदत तीन ते चार वर्षांची असते. अमेरिकेत पदवीनंतर थेट प्रवेश मिळू शकतो, पहिली वर्ष-दोन वर्षे अभ्यासक्रम असतो, गट नंतर निवडला जातो, आणि एकूण काळ पाच वर्षांच्या पुढे जाऊ शकतो. खर्च अध्यापन किंवा संशोधन साहाय्यातून भागतो. पहिल्या पद्धतीत सुरक्षितता आहे पण विषय बदलायला जागा कमी. दुसरीत चुकायला आणि सावरायला वेळ मिळतो. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये स्थापन झालेली फॅरेडे इन्स्टिट्यूशन, जर्मनीत उल्म-कार्ल्सरूह आणि म्युन्स्टर येथील केंद्रे, फ्रान्समध्ये आमियाँभोवती वाढलेले जाळे ही शोध सुरू करण्यासाठी चांगली ठिकाणे आहेत. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये कोणत्याही देशाच्या नागरिकाला अर्ज करता येतो. अट अशी, की ज्या देशात जायचे तिथे नियुक्तीपूर्वीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य झालेले नसावे, आणि उमेदवाराकडे आधीची डॉक्टरेट नसावी. पहिल्या अटीचा अर्थ, त्या देशात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी नुकतीच पूर्ण केली असेल तर तिथली जागा हातची जाते, हे अनेकांना उशिरा कळते.

उद्योगाशी जोडलेल्या जागांबद्दल सावधगिरीचा एक मुद्दा आहे. कंपनीकडून खरे घट, खरी यंत्रे आणि खऱ्या अडचणी मिळतात, आणि पुढची नोकरीही बऱ्याचदा तिथूनच उगवते; पण पेटंटसाठी शोधनिबंध किती काळ रोखता येईल, पदार्थाची नेमकी कृती प्रबंधात छापता येईल का, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. ज्या इलेक्ट्रोलाइटची कृती गुप्त आहे त्यावर लिहिलेला प्रबंध परीक्षकाला पटवणे फार जड जाते.

अर्जात पदार्थांची यादी देण्याऐवजी, त्या गटाचा एखादा अलीकडचा शोधनिबंध नीट वाचून त्यातला एक न सुटलेला मुद्दा दोन-तीन वाक्यांत मांडावा. मार्गदर्शकाकडे येणाऱ्या पत्रांच्या ढिगात असे पत्र विरळा असते. मुलाखतीत शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे म्हणतातच. तेव्हा चाचणी-यंत्राच्या किती वाहिन्या, म्हणजे एकेक घट जोडण्याच्या जागा, आहेत आणि त्या किती जणांत वाटलेल्या आहेत, हे विचारावे. पंचवीस जणांत चाळीस वाहिन्या असतील, तर सुरुवातीचा २५० दिवसांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल: प्रत्येकाच्या वाट्याला दीडच वाहिनी येते, आणि एकच मोजमाप तीन घटांवर करून खात्री करायची म्हटली तरी दुसऱ्या कुणाच्या घटाचा शेवट होण्याची वाट पाहावी लागते. जमल्यास मार्गदर्शक खोलीत नसताना तिथल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्यालाही हेच विचारावे, आणि सोबत त्याचा सर्वांत लांब चाललेला घट किती दिवस चालला व कशामुळे थांबला, तेही.